बंद काचांची दहा मिनिटं

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ही माझ्या मामाची गोष्ट आहे आणि ती रात्रीची नाही. थंडीचे दिवस, गुरुवार, भर दुपार. जागा मामाचं स्वतःचं, घराला लागूनच असलेलं गॅरेज.

मामा भुताखेतांची टिंगल करणारा माणूस. "भुतानं झपाटलेली गाडी आण, सर्व्हिसिंग करून देतो," म्हणायचा.

त्या दिवशी एक जुनी पांढरी गाडी आली. इंजिन तापतंय, हीटरमधून मात्र गार वारा येतोय, अशी तक्रार. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या पाइपात हवा अडकली की असं होतं. मामानं कूलंट भरलं, हवा काढली, गाडी चालू केली आणि आत जाऊन बसला.

त्याची एक पद्धत होती. सगळ्या काचा बंद, हीटर पूर्ण, आणि दहा मिनिटं आत बसून राहायचं. हीटर गळत असेल तर काचेवर चिकट वाफ धरते. मध्येच कुणी दार उघडलं तर सगळी मेहनत वाया. म्हणून मामीला सक्त ताकीद होती... "मी आत असताना दाराला हात लावायचा नाही!"

तीन मिनिटं गेली.

गरम वारा यायला लागला. मामा खूश.

मग वारा थांबला... पुन्हा आला... पुन्हा थांबला.

पंखा एकसारखा फिरत होता. वारा मात्र कुणी श्वास घ्यावा तसा येत होता.

तापमानाचा काटा वर सरकत होता. मामानं किल्ली फिरवली. इंजिन बंद होईना. काच खाली होईना. दार उघडेना. हॉर्न दाबला... आवाजच नाही. पाने, हातोडी सगळं बाहेर टेबलावर.

तेवढ्यात मामी आली. काचेपासून दोन हातांवर उभी राहिली. मामाच्या जिवात जीव आला. तो दोन्ही मुठींनी काच बडवायला लागला. "अगं, दार उघड! दार उघड!"

मामीनं त्याच्याकडे नीट पाहिलं... मान डोलावली... आणि परत घरात गेली.

मामा रडला. त्यानंच मला सांगितलंय. बायको दहा पावलांवर असताना आपण आपल्याच गॅरेजात गुदमरून मरणार, हे त्याला कळून चुकलं होतं. श्वास आता समोरून येत नव्हता.

मानेवर येत होता... मागून.

आणि बॉनेटखाली पाइप फुटला. वाफेचा लोट उठला, इंजिन बंद पडलं आणि दार आपोआप उघडलं. मामा फरशीवर कोसळला.

संध्याकाळी त्यानं डॅशबोर्ड खोलला. आत हीटरची जाळी, जिच्यातून गरम कूलंट फिरतं आणि वारा तापतो, ती नव्हतीच! कुणीतरी ती केव्हाच काढून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले होते. त्या गाडीत गरम वारा येणं शक्यच नव्हतं.

मामा मामीवर भडकला. "मी जिवाच्या आकांतानं काच बडवतोय आणि तू खुशाल निघून गेलीस?"

मामी पांढरीफटक पडली.

"अहो, तुम्ही तर शांत बसला होतात. माझ्याकडे बघून हसलात. हातानं 'जा' म्हणालात..."

याला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मामी भांडी लावता लावता मला हळूच म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी गाडीतून बाहेर आले, ते तुझे मामाच ना रे?"

मी हसण्यावारी नेणार होतो.

पण बाहेरच्या खोलीत मामा बघत असलेला टीव्ही तेवढ्यात बंद झाला... आणि मामा आमचं बोलणं ऐकत असल्यासारखा गप्प होता.