बायकांच्या दाराची कडी

दौंडमध्ये त्या टॉकीजचं नाव काढलं, की जुनी माणसं विषय बदलतात. एवढ्यावरून तरी समजा, हे घडलेलं आहे.

२००४. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. टॉकीज पाडून तिथे कॉम्प्लेक्स झालं होतं. त्यातल्या क्लासमध्ये सीमा एकटीच पेपर तपासत होती. फिजिक्स शिकवणारी मुलगी. भुताखेतांवर विश्वास शून्य.

आणि मागच्या भिंतीवर थाप पडली...

धप्. धप्.

पाण्याची मोटर? वीज तर सकाळपासून नव्हती.

ती मागे जाऊन आली. मोकळी जागा. चिटपाखरू नाही.

पुन्हा थाप... या वेळी खालून. बसून कुणी मारावी तशी.

गेटपाशी वॉचमन सोपानआबा तंबाखू मळत होते. पूर्वी ते याच टॉकीजचे डोअरकीपर.

"आबा, मागच्या भिंतीत कोण ठोकतंय?"

"दर साली आजच्या दिशी वाजतं ते. टॉकीज हुती तवापासनं."

"म्हणजे?"

"खेळ सुरू झाला की बायकांच्या दाराला भायेरून कडी. टवाळ पोरं घुसायची ना. दहा वर्सांमागं असाच दसऱ्याच्या आदल्या दिशी, मालकाच्या भावकीच्या भांडणात कोर्टाचं सील आलं. अर्ध्या खेळातनं माणसं काढली. बायकांकडं कुणी न्हाई, म्हणाला मालक. लावलं सील. आन् दुसऱ्या दिशी त्याच दारातनं थापा सुरू."

"उघडलं नाहीत?"

"सील तोडून जेलात कोण जाईल? आम्ही नारळ फोडला. तुझा बाप मातुर हसला. म्हणला, भूतबित काय नसतं, घुशी असतील. दोन-चार दिसांनी झालं शांत. नारळ पावला म्हण."

सीमाने मनात वर्षं जुळवली.

तिची सिनेमावेडी रंभाआत्या दहा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्याच दिवशी, पांढरी साडी आणायला बाजारात गेली होती. परतली नाही. कुणाबरोबर तरी पळाली, असं सगळ्यांनी ठरवलं. वडिलांनी, साहेबरावांनी, तिचा फोटो उतरवला. 'आत्यावर जाऊ नकोस,' हे ऐकतच सीमा मोठी झाली.

"आबा... टॉकीज पाडताना काही सापडलं?"

"एक पांढरी साडी. घडी बी मोडली नव्हती. बाकी कोण बघतंय? सगळा राडा ट्रॅक्टरनं पाटसच्या रस्त्यावर भरावात गेला."

सीमाने घरी सगळं सांगितलं.

"पळून गेली ती," साहेबराव एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सीमा क्लासला गेलीच नाही. दुपारी बापलेक घरात होते.

दारावर थाप पडली...

"बस खाली," साहेबराव म्हणाले. पण सीमा उठली. दार ओढलं.

उघडेना.

बाहेरून कडी लागलेली होती.

साहेबराव दार बडवू लागले. हाका मारता मारता आवाज बसला. मग ते दाराशीच खाली बसले आणि बसून थापा मारत राहिले.

अंधारून आल्यावर शेजारच्या धुरपदाकाकूंनी कडी काढली.

"थापा ऐकल्या मी मगाशीच," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घुशी असतील."

कडी कुणी घातली होती, ते सीमाला अजूनही सांगता येत नाही.