खोट्या पावसाचं प्लगइन

"पाऊस मोजायचं यंत्र जूनपासून बंद आहे, तरी रोज सकाळी पाऊस नोंदला जातो," वृषाली म्हणाली. "आणि माझे बाबाही जूनमध्येच गेले."

सुकन्या भिंगारमध्ये खाजगी तपासाची कामं करी. जीप चालवायला श्रीमंतकाका, आणि शंका काढायलाही तेच.

अकोले तालुक्याच्या वाटेवर ढग इतके खाली आले होते की भाताची खाचरं तरंगल्यासारखी दिसत. वृषाली सांगत होती. एका पाणलोट संस्थेच्या वेबसाइटवर, डॅशबोर्डवर, गावोगावचा पाऊस दिसतो. बाबांनी, निवृत्त शिक्षक सहादेवांनी, घरच्या यंत्राचे आकडे त्यावर पाठवायला एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, प्लगइन. आता संस्था म्हणते, ते प्लगइनच पाऊस रचतं. सोमवारी काढून टाकणार. बाबांच्या सात वर्षांच्या नोंदीही खोट्या ठरणार.

"म्हणजे भूत!" श्रीमंतकाका म्हणाले.

"आकडा बघू. भूत दशांशात बोलत नाही, काका," सुकन्या म्हणाली.

संस्थेच्या कचेरीत सुनीलने प्लगइन उघडलं. तो सहादेवांच्या हाताखाली शिकलेला. "यंत्रातली वाटी अर्धा मिलिमीटर भरली की कलंडते. तेवढ्याच टप्प्यांनी त्याला मोजता येतं."

पडद्यावर काल ४३.२, परवा १८.७.

"आकडा हाताने भरता येतो?" सुकन्याने विचारलं.

"फक्त सरांच्या फोनवरून. ही बघा बटणं, पुरीएवढी! सर चष्म्याशिवाय मुंगीएवढी अक्षरं वाचायचे, आणि हे असलं."

"माझ्यावर नका येऊ," नोंदी तपासणारी माधुरी फटकन म्हणाली. "गेल्या आठवड्यात मंगळ, बुध, गुरू रकाना रिकामा होता. वाटलं, खोटा पाऊस थांबला, सुटले!"

बाहेर येताच काका कुजबुजले, "सुनीलच. कसा घामाघूम झाला होता."

"चहा गरम होता, काका."

घरी वृषालीची आई, कलाबाई, काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. अंगणात बंद यंत्राशेजारी पत्र्याचं नळकांडं, त्यावर नरसाळं. कोनाड्यातलं काचेचं माप आतून ओलं होतं.

"मोतीबिंदू काढलाय. नगरला माझ्याकडे जेमतेम तीन दिवस राहिली," वृषाली म्हणाली.

"न्हाई करमत तिथं."

सुकन्या शेजारी टेकली. "४३.२ यंत्राला मोजता येत नाही. त्याचा आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपेल. म्हणजे कुणीतरी काचेच्या मापाने मोजतंय. प्लगइन रचत असतं, तर तीन दिवस थांबलं नसतं. मोठी बटणं सरांना लागत नव्हती. धूसर दिसणाऱ्याला हवी होती. वृषाली, मंगळ, बुध, गुरू तुमच्याकडे कोण होतं?"

वृषालीने आईकडे पाहिलं.

"चोरी न्हाई केली, बाई," कलाबाई म्हणाली. "यंत्र बंद पडलं की ते भिजत आकडा सांगायचे, मी फोनवर दाबायचे. आता मीच भिजते."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणली असतीस, आई, आता ऱ्हाऊ दे."

वृषाली तेच म्हणाली असती. तिने सुनीलला फोन लावला. "आकडे खरे आहेत. काढू नका."

"मग मोजणाऱ्याचं नाव लागेल, ताई. सरांचं आता चालणार नाही. पूर्ण नाव सांगा."

वृषालीने फोन आईपुढे धरला.

"कलाबाई," आई म्हणाली आणि अडखळली. मग ओठ ओले करून, हळूच, "सहादेव नवले."

उभ्या जन्मात आईच्या तोंडून बाबांचं नाव वृषालीने प्रथमच ऐकलं.