आत येणारी पावलं

"माही पोरगी रोज दुपारी घरी येऊन राहिली," धर्मेंद्र म्हणाला.

"मग चांगलंच आहे की," मनिष आलूबोंडा चावत बोलला.

"दोन वर्षं झाली तिले जाऊन."

मनिषनं उरलेला बोंडा कागदात गुंडाळून ठेवला. दामिनीच्या भंडाऱ्यातल्या खासगी तपासाच्या ऑफिसात तो पाच वर्षं मदतनीस होता. चोर, लफंगे, पळपुटे नवरे यांना तो भीत नसे. मेलेल्या माणसांचं काम आलं की मात्र त्याला घरची कामं आठवत.

"सांगा," दामिनी म्हणाली.

आंधळगावची विणकर कॉलनी, चाळीस घरं, मधून सिमेंटचा एकच बोळ. कॉलनीमागच्या शाळेला आता याच बोळातून रस्ता हवा होता. आखणीसाठी चुन्याची पांढरी फक्की पडली आणि लोकांची झोप उडाली. दोन वर्षांपूर्वी शाळेची गाडी इथं मागं घेताना धर्मेंद्रची टीना चाकाखाली आली होती. सहा वर्षांची होती. आता तर रोज वीस गाड्या येणार होत्या. पंचायतीत हरकतींची सुनावणी उद्याच होती.

"आखणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रेघेपासून माह्या दारापर्यंत पांढरी पावलं दिसतात. लहान पोराची. कॉलनी भिऊन राहिली. पण माही बायको भीत नाही, त्याचंच मले भेव. रेणू ताट वाढून दारात बसते. स्वतः खात नाही." त्याचा आवाज फाटला. "कोणी करत असन तर नाव पाहिजे, मॅडम. नाहीतर तीही माह्या हातची जाते."

दामिनी आणि मनिष पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बोळात चिटपाखरू नव्हतं. एखाद्या घरातून मागाची खटखट येई आणि थांबे. कोणी पडदा सारून पाही आणि झटकन सोडून देई.

पावलं होती.

मनिषच्या अंगावर सर्रकन काटा आला. चिमुकली पावलं, पाचही बोटं गोल गोल. दोन-दोन शेजारी, जणू पोरगी उड्या मारत आली होती. डावं जरा पसरट. ती फक्कीच्या रेघेपाशी सुरू झाली होती आणि धर्मेंद्रच्या उंबरठ्यापाशी संपली होती.

"ताई, परत गेलेलं एकही नाही," तो कुजबुजला. "ती आतच आहे!"

दामिनी उकिडवी बसून भलतीकडंच पाहत होती. "रेघ कुठंच विस्कटली नाही, मनिष."

"भूत हलकं असते."

"मग पाऊल उमटतं कसं?"

कॉलनीचा सचिव भूपेंद्र ओट्यावर हरकतींचे कागद लावत होता. त्याच्या शेजारी फक्कीचं अर्धं पोतं होतं.

"लपवत नाही, मजूर ठेवून गेले," तो म्हणाला. "रस्ता थांबत असन तर मी त्या भुताले हार घालीन. पण परवा दुपारी पावलं आली तवा मी मोहाडीले तहसीलात होतो. चाळीस घरांच्या सह्या घेऊन."

"पोत्याला हात कोण लावतं?"

"सारी कॉलनी. मुंग्या झाल्या की नेतात."

समोरच्या घरची धुरपता दोन्ही मुठींनी लुगडं पिळत होती. तिच्या उंबरठ्यावर दिवाळीतली पुसट पावलं अजून होती. दामिनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहत राहिली.

"मले काही माहीत नाही, बाई," धुरपता म्हणाली. "दुपारी डोळा लागते. त्या घरात तर दोन वर्षांत दिवासुद्धा लागला नाही. धर्मेंद्रच्या आईचा, ललिताबाईचा, मागही तवापासून बंद आहे. काय विणकर होती ती!"

धर्मेंद्रच्या दारात रेणू बसली होती. समोर ताट होतं, भात, वरण, गुळाचा खडा. दामिनी तिच्याजवळ टेकली.

"येते ती?"

"येते."

"जाताना नाही दिसत?"

रेणू किंचित हसली. "बाहेर जाणारी पावलं कोणी काढते का, बाई?"

बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, मनिषला वाटलं. त्याला आत जाववत नव्हतं, पण दामिनी गेली म्हणून तोही गेला.

आत धूळ बसलेला माग होता, त्याला टेकून धर्मेंद्र उभा होता. धर्मेंद्रची आई ललिताबाई चहा घेऊन आली, एक कप ठेवून परत गेली, दुसरा आणला, मग तिसरा. डावा हात पदराआड होता. म्हातारीला ट्रे मिळाला नसावा, असं मनिषला वाटलं.

दामिनीनं चहाला हात लावला नाही. वाटीभर फक्की मागवून तिनं पाण्यात कालवली. उजवी मूठ वळली, करंगळीकडची बाजू वाटीत बुडवून जमिनीवर दाबली आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले.

पोराचं पाऊल! मनिष एकदम मागं सरकला.

"लक्ष्मीचं पाऊल," दामिनी म्हणाली. "भिववणाऱ्यानं पोराची चप्पल उमटवली असती, एकापुढं एक. चालतं पोर जोडीनं पाय टाकत नाही. पण वर्षानुवर्षं सणाला पावलं काढणारा हात ती जोडीनंच ठेवतो आणि सवयीनं आत आणतो. फक्की कालवून आणलेली होती, म्हणून रेघ विस्कटली नाही."

"मग धुरपता?" धर्मेंद्रनं विचारलं.

"उजव्या मुठीचं उजवं पाऊल उमटतं, डाव्या मुठीचं डावं. इथं प्रत्येक डावं पाऊल पसरट आहे. ती मूठ मिटतच नाही. धुरपताबाई दोन्ही मुठींनी लुगडं पिळतात." तिचा आवाज खाली आला. "माग चालवायलाही दोन्ही हात धड लागतात. आणि तीन कपांना तीन खेपा लागल्या, ललिताबाई."

 मग म्हातारीनं पदराआडून हात काढला. बोटं वाकडी, ताठ.

"याच हातात तिचा हात होता," ती म्हणाली. "मी ओढलं. माहा हात निघाला, पोरगी नाही निघाली. आता त्याच जागेवरून रोज वीस गाड्या जातीन. सह्यायले कोण भेते? भुताले भेतात."

"आई, रेणूचे हाल दिसले नाही तुले?" धर्मेंद्र ओरडला. मग दाराकडं वळून हळूच म्हणाला, "रेणू, ऐकलं ना? ती येत नव्हती."

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं," रेणू म्हणाली.

तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. "मीही याच घरात पावलं काढली आहेत. आईची डावी मूठ मी नाही ओळखणार? पण कोणीतरी तिले घरी आणून राहिलं होतं ना." तिनं ताट जवळ ओढलं. "आता उद्यापासून कोण आणन?"

दामिनीनं मान खाली घातली. धर्मेंद्रनं मागितलेलं नाव तिनं त्याला मिळवून दिलं होतं. ते दिल्याचं तिला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

ललिताबाई सुनेपाशी जाऊन बसली. उजव्या हातानं तिनं थंड भात कालवला आणि घास पुढं केला. रेणूनं तो लगेच घेतला नाही. आधी तिनं सासूचा वाकडा हात दोन्ही हातांत धरला.

"उद्या पंचायतीत हा हात दाखवा, आई," ती म्हणाली. "तिचं नाव मी सांगीन."

मग तिनं घास घेतला.

बाहेर पडल्यावर मनिष भिंतीला चिकटून चालला. एकाही पावलावर त्यानं पाय पडू दिला नाही. बोळाच्या तोंडाशी त्यानं वळून पाहिलं. ताट उचललेलं होतं, उंबरठ्यावर कोणी नव्हतं. दार मात्र रेणूनं उघडंच ठेवलं होतं.