नाई जी, पुढचं झाड पाहा

श्रावणची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्याचा पाय माझ्या वेणीवर होता.

मी टेबलाखाली उताणी पडले होते आणि उजवा हात वर, कोपरापर्यंत चिमाबाईत घातलेला. चिमाबाई म्हणजे आमच्या बाहुलीपटातली नायिका, कडुनिंबावर राहणारी फणकारेबाज खार. अमरावतीजवळ नांदगाव पेठेतल्या एका रिकाम्या गोदामात शूटिंग चाललं होतं. जवळच्या कापड मिलमधून पडद्याचे तागे घेऊन एक उंच मुलगा आला आणि खारीकडे बघत थेट टेबलाला येऊन टेकला. वेणी अशी ओढली गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण हातात बाहुली असेपर्यंत तोंडही बाहुलीचंच, असा आमच्या खुशालराव सरांचा कडक नियम. तेव्हा ओरडली ती चिमाबाई.

"ओ लंबू, पाय काढा. कोनाच्या शेपटीवर उभे हाय, मालूम हाय का?"

टेबलाखाली माझ्यासाठी वीतभर टीव्ही ठेवलेला असायचा, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते बघायला. त्यात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. दुसरा कुणी असता तर खाली वाकून बघितलं असतं. यानं खारीलाच हात जोडले.

"माफ करा जी... तुमची शेपटी इतकी लंबी असंल, असं वाटलं नाई."

आणि हसला. वीतभर पडद्यावर ते हसू काही मावेना. मी हात तसाच वर ठेवून, धुळीत पडल्या पडल्या, चक्क लाजले.

खुशालराव सर अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभराची हौस म्हणून हा सिनेमा करत होते. मी त्यांची विद्यार्थिनी आणि नगमा माझी मैत्रीण. खारीपासून बेडकापर्यंत सगळ्यांचे कपडे तीच शिवायची. सरांनी त्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नगमाला टेप लावायला सांगितला. पाच फूट अकरा इंच भरला. सर म्हणाले, देव पावला.

झालं होतं असं की, सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मुंबईत गळ घातली होती आणि एक मोठा हिरो आमच्या सिनेमात चार मिनिटांसाठी यायला कबूल झाला होता. नाव सांगत नाही, पण आमच्याकडे पानठेल्यावरसुद्धा त्याचा फोटो लावलेला असतो. तो येणार एकच दिवस. त्याआधी दिवे, कॅमेरा, तालीम सगळं बसवायचं, तर त्याच्या उंचीचं कुणीतरी उभं करायला हवं होतं. श्रावणची मिलमध्ये दुपारची पाळी असायची, सकाळ मोकळी. तो तयार झाला.

तर चिमाबाईची गोष्ट अशी. तिला कावळा मागणी घालतो, बेडूक घालतो, माकड घालतं आणि ती प्रत्येकाला एकच उत्तर देते, "नाई जी, पुढचं झाड पाहा." शेवटी मुंबईचा हिरो गाडी बिघडली म्हणून तिच्या झाडाखाली थांबतो आणि तोही विचारतो. त्यालाही तेच उत्तर! सर म्हणायचे, मोठा माणूस बाहुलीसमोर खरोखर लहान झाला, तर बघणारे ते जन्मभर विसरत नाहीत. पण त्यानं खारीच्या डोळ्यांत बघायला हवं. टेबलाखाली बघितलं की संपलं सगळं.

श्रावणनं तो नियम जरा जास्तच मनावर घेतला. दोन आठवडे त्यानं टेबलाखाली एकदाही पाहिलं नाही. बोलायचं असेल तर खारीशी. सुट्टीत मी बाहेर येऊन समोर बसले, तरी माझ्या हातातल्या चिमाबाईलाच विचारायचा, "काय जी, जेवन झालं का?" घरून सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, आणायचा आणि माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या चादरीतून हळूच हात आत सरकवायचा. हातात डबा. मी वडी घेतली की दोन बोटं तिथंच रेंगाळायची... क्षणभरच.

एकदा परतीचा पाऊस आला. गोदामाच्या पत्र्यावर असा कोसळला की आवाज टिपणं बंद. सर डोक्याला हात लावून बसले. मी टेबलाखालीच होते, तो टेबलापाशी उभा.

"चिमाबाई," तो म्हणाला, "तुमच्या झाडाखाली जे पोरगी राह्यते, तिचं नाव काय हाय?"

"मनकर्णा," चिमाबाई म्हणाली.

"हाट! हे तं आजीबाईचं नाव हाय."

"तिच्या आजीचंच हाय. तुमाले काय करायचं?"

"काई नाई... कोनी घरी इचारलं, तर सांगाव लागंल ना."

चिमाबाईनं लाजून मान वळवली. पाऊस मात्र पत्र्यावर नाचत राहिला. मला वाटलं, हा आता थांबूच नये. पण पाऊस कुणाचं ऐकतो... दहा मिनिटांत ऊन पडलं आणि सरांनी हाक मारली.

नगमाला सगळं कळत होतं. ती म्हणायची, बाई गं, बाहुलीच्या तोंडून किती दिवस संसार करणार, एकदा बाहेर ये आणि स्वतःच्या तोंडानं बोल. मी म्हणायचे, त्याला विचारायचं तर मला विचारेल, खारीला काय विचारतो? माझा तोरा तो एवढाच. आज वाटतं, त्या तोऱ्याला चुलीत घालायला हवं होतं.

हिरो यायचा तो दिवस उजाडला. गोदामाबाहेर सकाळपासून गर्दी, आत शेवटची तालीम. माइक चालू, पंधरा माणसं जागच्या जागी. श्रावण निंबाखाली येऊन उभा राहिला. आता त्यानं म्हणायचं होतं, मी मुंबईचा हिरो, माझ्याशी लग्न करशील का. चाळीस वेळा म्हटलेलं वाक्य. त्यानं तोंड उघडलं आणि थांबला.

"चिमाबाई... मी वरूडचा. मिलमंदी कपडा मोजतो. परवा माह्या घरचे पोरगी पाहाले चालले. तू हो म्हनशील, तर मी त्याइले आजच नाई सांगतो."

कुणीतरी हसलं. सगळ्यांना वाटलं, पोरगा शेवटच्या दिवशी गंमत करतोय. मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू, मला पहिल्या शब्दाला कळलं होतं. पण हात वर होता, माइक चालू होता, पंधरा जणांचे कान माझ्याकडे होते आणि रागही आला होता, की हे असं का, सगळ्यांसमोर, पुन्हा खारीलाच का... आणि चाळीस वेळा घोकलेल्या त्या जिभेनं आपलं काम केलं.

"नाई जी, पुढचं झाड पाहा."

गोदामात हशा पिकला. तोही हसला. मी मनाशी म्हटलं, आता सुट्टी होईल, मी बाहेर येईन आणि सांगेन.

सुट्टी झालीच नाही, कारण हिरोची गाडी फाटकात शिरली. माणूस खरंच चांगला होता. आल्या आल्या त्यानं चिमाबाईला नमस्कार केला, खाली कोण आहे ते पाहिलंसुद्धा नाही. सरांनी त्याला नुकतीच झालेली तालीम ऐकवली, चाल कळावी म्हणून. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, हे वाक्य कुणाचं आहे? मी हेच म्हणणार, हिरो नाही, मिलमधला पोरगा होऊन. यात जीव आहे.

मग तो उभा राहिला आणि श्रावणचे शब्द बोलला. वरूडचा, कपडा मोजतो, घरचे पोरगी बघायला चाललेत. इतकं सुंदर बोलला की नगमानं डोळे पुसले. श्रावण कडेला उजेड परतवणारा पांढरा थर्माकोल धरून उभा होता, आणि मी नाही म्हणत होते. एकदा दिव्यानं दगा दिला, एकदा माशी आली, एकदा हिरोलाच हसू आवरेना. सात टेक झाले. सात वेळा मी त्याला पुढचं झाड दाखवलं. बाहेर आले तेव्हा थर्माकोल भिंतीला टेकवून ठेवलेला होता. पाळीची वेळ झाली म्हणून गेला, असं कुणीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं काम नव्हतं. फोन होता ना, असं तुम्ही म्हणाल. होता. सकाळपासून लिहीत होते, खोडत होते. संध्याकाळी नगमानं फोन हिसकावून घ्यायची धमकी दिली, तेव्हा एक ओळ पाठवली. तुम्ही काल खरंच विचारलं होतं का? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं तिसऱ्या दिवशी.

"गंमत होती जी. खारीले कोन लगीन मांगते."

त्यावर मी काय लिहायला हवं होतं, ते आता मला तोंडपाठ आहे. तेव्हा मी हसरा चेहरा पाठवला. दीड महिन्यानं त्याच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली. नगमा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी येऊन माझ्या शेजारी नुसती बसून राहिली.

सिनेमा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. खरं तर सिनेमा नाही, ती चार मिनिटं. पाच वर्षं झाली, दर दिवाळीला टीव्हीवर लागतो. घराघरात आजीपासून नातवापर्यंत सगळे त्या प्रसंगाला स्वयंपाकघरातून धावत येतात. अमरावतीत निम्म्या ऑटोंच्या मागे लिहिलेलं असतं, पुढचं झाड पाहा. हळदीत नवरीच्या मैत्रिणी ते वाक्य म्हणून नाचतात. एवढा मोठा माणूस एका कापडाच्या खारीसमोर हात जोडून उभा, आणि ती त्याला हाकलते. लोक हसून हसून लोळतात. हसणारच. मी मात्र पाच वर्षांत एकदाही हसू शकले नाही. माणसाची चूक चार लोकांत झाकून राहते, वर्षं गेली की विरते. माझ्या चुकीला दर दिवाळीला टाळ्या पडतात.

मागच्या जानेवारीत अकोल्याच्या एका शाळेत आमचा खेळ होता. आता आम्ही गावोगाव चिमाबाईचे खेळ करतो, आणि शेवटी एक रिवाज आहे. प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी बाबांना वर बोलावून हिरो करायचं. बाबा वाक्य म्हणतात, चिमाबाई नाही म्हणते, पोरं तिच्यासोबत ओरडतात. त्या दिवशी नगमानं विचारताच एक बारीक आवाज उठला, माहे पप्पा, माहे पप्पा. कुणीतरी कुणाला ओढत आणत होतं. गावोगावच्या खेळात टीव्ही नसतो. मी काळ्या पडद्याआड बसलेली, मला काही दिसत नव्हतं.

"चिमाबाई..." आवाज आला. "मी वरूडचा."

पडद्याच्या कडेला उभी नगमा पांढरीफटक पडली. तो थांबला. मग अगदी हळू, सिनेमात बोलतात तसं नाही, गोदामात बोलला होता तसं, सगळं वाक्य बोलला. कपडा मोजतो. घरचे पोरगी पाहाले चालले. तू हो म्हनशील, तर...

आता पोरं श्वास रोखून वाट बघत होती. दोनशे तोंडं एकच शब्द घेऊन तयार.

"हो," मी म्हटलं.

चिमाबाईच्या आवाजात नाही. माझ्या. त्यानं तो आवाज किती कमी ऐकला होता... पण ओळखला असणार, कारण पडद्यापलीकडे काहीच हललं नाही.

आणि मग पोरं उसळली. चुकली, चुकली! नाही म्हण! चिमाबाई नाही म्हणते! बाकांवर हात आपटू लागली. त्या गलक्यात कुणीतरी अगदी जवळ आलं, इतकं जवळ की चिमाबाईच्या कानाला श्वास लागला. ती त्याची मुलगी होती. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होती.

"हो नको म्हनू ना. माहे पप्पा हाय थे."

मी डोळे मिटले. घसा साफ केला. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या वाक्याचा प्रत्येक शब्द आठवून म्हणावा लागला.

"नाई जी... पुढचं झाड पाहा."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पलीकडून श्रावण एवढंच म्हणाला, "चाल बेटा, झालं." मुलगी मात्र लगेच गेली नाही. तिनं दोन्ही हातांनी चिमाबाईचं तोंड धरलं आणि नाकाचा गच्च पापा घेतला. आत माझी बोटं होती.