अयोध्येचं गाणं

गौरानं शांतलिंगला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हैदराबादच्या रेडिओ केंद्रात गुडघ्यांवर बसून नारळाच्या करवंट्या आपटत होता.

"घाबरू नका, मी घोडा आहे," तो म्हणाला. मुलांच्या कार्यक्रमात गोष्टीतल्या घोड्याच्या टापा त्यानंच वाजवायच्या होत्या. नळदुर्गच्या शाळेतून आलेल्या पोरी खिदळल्या, आणि त्यांची तरणी मास्तरीण गौराही.

"घोडा बोलतो बरा," गौरा म्हणाली.

"तुम्ही ऐकणार असाल तर... बोलतो की."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण हसत बसायला फुरसत कुठली? आज त्या पोरींतली चिमुरडी अयोध्या गाणार होती. निजामाचं राज्य, रेडिओ काय तो चावडीवर. त्याच्यापुढं अख्खं गाव बसलं असणार, आणि सगळ्यांत पुढं अयोध्येची आई सिताबाई.

प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. अयोध्या गप्प. समोरून शांतलिंगनं तळहात दाखवला — थांबा. गौरानं तो पाहिलाही. पण गावात आपली काय शोभा होईल, या धास्तीनं तिचा धीर सुटला... आणि बारीक, पोरवयाच्या आवाजात ती स्वतःच गायली, शेवटपर्यंत. निवेदकानंही सांगून टाकलं, नळदुर्गची अयोध्या गायली म्हणून.

दिवा विझल्यावर अयोध्या एवढंच म्हणाली, "बाई, म्या दम घेत होते."

दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीत शांतलिंगही होता. रजा काढून सोलापूरला बहिणीकडं निघालोय, म्हणाला. एकाएकी रजा कशी, हे गौरानं विचारलं नाही. तिला त्याच्याकडं मान वर करून बघवतच नव्हतं.

"तुम्ही हात केला होता," ती म्हणाली. "मी पाहिला होता. तरी..."

त्यानं तिला खिडकीजवळची जागा दिली.

नळदुर्गला मोटार थांबली, तर हलगी वाजत होती. सिताबाईनं लेकीला झेंडूचा हार घातला, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अयोध्या मान खाली घालून उभी होती. बाईच गायल्या हे तिनं काही सांगितलं नाही, आणि तेच गौराला सोसवेना.

"सिताबाई, रेडिओवर ती न्हाय गायली. मी गायले. मी तिला गाऊच दिलं न्हाय."

हलगी थांबली. सिताबाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिचाच चेहरा उतरला.

"आई असून मला आवाज वळखू आला न्हाय," ती हळू म्हणाली. "अन् गावभर सांगत सुटले, माजी लेक हाय म्हणून."

गौराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात अयोध्येनं आईचा पदर ओढला आणि तिथंच, मोटारीच्या धुळीत, गायला लागली. मधे एकदा अडली. या खेपेला गौरा गप्प राहिली, आणि पोरीचं गाणं पोरीनंच पुरं केलं.

शांतलिंगनं मोटारीच्या टपावरची आपली ट्रंक उतरवून घेतली.

"सोलापूर पुढं आहे," गौरा म्हणाली.

"ठाऊक आहे. तुमच्या वडलांना भेटावं म्हणतो... तुमचा हात मागायला."

"आज? आज मी तोंड दाखवायच्या लायकीची न्हाय."

"म्हणून तर आज. उद्या तुम्ही पुन्हा मास्तरीणबाई व्हाल, मग मला कोण विचारतंय?"

तिचे डोळे भरून आले. यानं जाऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटत होती.

"अप्पा दुपारी घरीच असतात," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "पण कालचं आधी मी सांगीन. ते ऐकल्यावरच तुम्ही बोला."