नवाला न दिसलेली चूक

सांगितलेल्या जागी बाबा नव्हतेच. चंद्रावरच्या शोधगाडीतून लतीफकाका रेडिओवर म्हणाले, "चारुता, इथं नुसती धूळ आहे गं." तळावर बसलेल्या चारुतानं घाईनं आपली वही ओढली.

बाबांची गाडी एका विवरात (खोल खड्ड्यात) घसरली होती. रेडिओ बंद पडण्याआधी त्यांनी आपल्या जागेचा आकडा एकदाच सांगितला. चारुतानं लिहून घेतला, ४१२७३६६७. आता बाबांजवळ दोन तासांचा प्राणवायू उरला होता.

"नाना, मीच मारलं बाबांना," ती हुंदके देत म्हणाली. नाना म्हणजे तिचे आजोबा, तळावरचे गणिती. विवरात अडकलेला मुलगा त्यांचाच. तरी त्यांनी विचारलं,

"पडताळा घेतलास?"

"घेतला. अंकांची बेरीज छत्तीस. नवानं भाग जातो."

"आणि अकरानं?"

तो चारुतानं घेतलाच नव्हता. नवाचा पडताळा कुणालाही झोपेत येतो, अकराचा मात्र कंटाळा!

तळावरचा प्रत्येक आकडा नव्याण्णवच्या, म्हणजे नऊ गुणिले अकराच्या, पटीतला असे. त्यासाठी शेवटी दोन पडताळा अंक (चूक पकडायला जोडलेले अंक) लावत.

"शंभरातून नव्याण्णव गेले की उरतो एक," नाना म्हणाले. "म्हणून आकडा उजवीकडून दोन-दोन अंकांत तोडायचा आणि जोड्यांची बेरीज करायची. तिला नव्याण्णवनं भाग गेला, तर अख्ख्या आकड्याला जातो. कर."

एक्केचाळीस, सत्तावीस, छत्तीस, सदुसष्ट. बेरीज एकशे एकाहत्तर. हवे होते नव्याण्णवच्या दुप्पट, एकशे अठ्ठ्याण्णव. सत्तावीस कमी.

"चूक आहे खरी. पण कुठं?" नाना मटकन खाली बसले. त्यांना असं बसलेलं चारुतानं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, संपलं सगळं.

घड्याळाकडं बघवेना, म्हणून ती आकड्याकडंच बघत राहिली. नवानं भाग जातो. म्हणजे अंक तेच असतील, जागा बदलल्या असतील! अंकांची अदलाबदल झाली, तरी बेरीज तीच राहते. नवाला ती दिसतच नाही.

"नाना, बाबा जोड्यांनी बोलत होते. मी एखादी उलटी लिहिली असेल!"

त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी बोलतो, साठ नंतर. घाईत लिहिताना छत्तीस होतातच. पण अंदाजावर बाबांचा जीव कसा टांगायचा? तिनं एकेक जोडी उलटून पाहिली. ४१ उलटले, तर सत्तावीस घटतात. २७ उलटले, तर पंचेचाळीस वाढतात. ६७ उलटले, तर नऊच. आणि ३६ चे ६३ केले, तर नेमके सत्तावीस वाढतात!

"काका, चार, एक, दोन, सात, सहा, तीन, सहा, सात," ती एकेक अंक सुटा सांगत गेली.

"पावणेदोन तास लागतील," काका म्हणाले.

ते पावणेदोन तास नाना आणि चारुता एकमेकांचा हात धरून बसले. चारुताच्या मनात नको ते येत होतं, आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

मग रेडिओ खरखरला.

"गाडी सापडली," काका म्हणाले. "आतून कुणीतरी काच पुसतंय गं."