पाणी सोडू का?

विश्वास ठेवा किंवा सोडा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मंगळवारची दुपार. हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग, खिडकीजवळची खाट.

खाटेवर माझा दादा होता.

आम्ही दोघंही प्लंबर. आदल्या संध्याकाळी पाइपाला आटे पाडताना तो डोकं धरून खाली बसला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता.

"तुम्हाला लगेच कळेल," डॉक्टर मला म्हणाले. "गळती थांबलीय, पण नुसत्या गुठळीमुळे. प्रेशर वाढलं की हे बूच उडणार. खोकला, जोर, दचकणं, काही नको. चार वाजता आत बारीक तारेची कॉइल भरून फुगा बंद करू. तोवर सांभाळा."

चार वाजेपर्यंत. एवढंच माझं काम होतं. मी मोबाइल बंद केला, चपला बाहेर काढल्या आणि जीव मुठीत धरून बसलो.

साडेतीनला भिंतीवरच्या पाइपातून आवाज आला...

टक. टक.

ही आमच्या घरची खूण. आम्ही भाऊ वर काम करायचो, तेव्हा खाली मेन व्हॉल्व्हवर बाबा असायचे. त्यांचे दोन ठोके म्हणजे, पाणी सोडू का? आमच्याकडून एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे सोडा.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेही असेच, डोकं धरून.

टक. टक.

उत्तर मिळेपर्यंत बाबा ठोकतच राहायचे. आवाज वाढत चालला. दादाच्या पापण्या हलू लागल्या. मला दुसरं काही सुचलंच नाही. खिशातल्या किल्लीने मी पाइपावर एकच ठोका दिला.

थांबा.

आवाज थांबला...

पण माझ्या ठोक्याने दादाने डोळे उघडले.

"बाबा खाली एकटेच आहेत?" त्याने विचारलं.

"कुणी नाही रे, दादा. झोप. पाया पडतो तुझ्या, हलू नकोस."

तो हसला. मग त्याचं बोट खाटेच्या कठड्यावर आपटलं. एकदा... आणि पुन्हा एकदा.

मॉनिटरवरचा प्रेशरचा आकडा चढू लागला. १६०. १९०. २२०. मी नर्सला हाका मारत सुटलो.

पुन्हा फुटलं होतं. दादा ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसात असा पुन्हा रक्तस्राव कित्येकांना होतो, तुमचा दोष नाही. मी मान हलवली. पण तो ठोका मी दिला नसता तर? हे मी कुणाला विचारू?

तो पाइप मी नंतर नीट पाहिला. कधीचा कोरडा पडलेला. दोन्ही टोकं कापून टोप्या लावलेल्या.

वडील, मग भाऊ, म्हणून डॉक्टरांनी माझ्याही डोक्याची तपासणी सांगितलीय. ती गुरुवारी आहे.

आज सकाळपासून स्वयंपाकघरातला पाइप वाजतोय. दोन ठोके. थोडं थांबून पुन्हा दोन.

हे सगळं मी बायकोकडून लिहून घेतोय. तिला ते ठोके ऐकू येत नाहीत.

माझे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले आहेत.